केसपेपरची मागची बाजू

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आमचे सर सर्जन होते, आणि त्यांना भाषणांचा मनापासून कंटाळा होता. वक्ता लांबला की ते निमंत्रणपत्रिका उलटी करायचे आणि तिच्या पाठकोऱ्या बाजूवर आकडेमोड करत बसायचे. म्हणून आज मी आकड्यांबद्दलच बोलायचं ठरवलं. ते समोर असते तर माझी आकडेमोड तपासण्यासाठी का होईना, त्यांनी लक्ष दिलं असतं.

प्रश्न साधा आहे. अपघातात माणसाला किती लागलं, हे आकड्यात कसं सांगायचं? तेही माणूस समोर नसताना, तो घरी गेल्यावर किंवा जगातून गेल्यावर, त्याच्या कागदावर उरलेल्या निदानाच्या संकेतांकावरून? हे संशोधकांचं कोडं आहे, पण रस्त्यावर, बांधकामावर, शेतात, नारळाच्या झाडाखाली जखमी होणाऱ्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध येतो. कुठे ट्रॉमा सेंटर हवं, कोणतं रुग्णालय माणसं वाचवतं, हेल्मेटच्या सक्तीने खरंच काही फरक पडला का, या सगळ्यांची उत्तरं त्या आकड्यावर बेतलेली असतात.

माझी या आकड्याशी ओळख झाली ती एका फजितीतून. तिथूनच सुरुवात करते.

दोन केसपेपर

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्याला आपल्याकडे पीएसएम म्हणतात त्या रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राच्या विभागात मी नुकतीच लागले होते. एका मोठ्या रुग्णालयात वर्षभरात दाखल झालेल्या जखमींचे कागद काढायचे, प्रत्येकाला आयसीडीचा, म्हणजे रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा कोड द्यायचा, आणि कोण किती गंभीर होतं त्याची उतरंड लावायची, असं काम माझ्याकडे आलं. रेकॉर्ड रूममध्ये सुतळीने बांधलेले गठ्ठे. वरच्या फळीवरचे धुळीने माखलेले, खालच्या फळीवरचे ओलीने फुगलेले. तीन महिने बसून मी तक्ता तयार केला.

त्या तक्त्यात दोन ओळी लागोपाठ आल्या होत्या. पहिली एका मोटरसायकलवाल्याची. रात्री दोनला आणलेला, चारच्या आत गेलेला. त्याच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं: आरटीए (म्हणजे रस्त्यावरचा अपघात), हेड इंज्युरी, एक्सपायर्ड. एवढ्यावरून मिळतो तो कोड एस०९.९, डोक्याची अनिर्दिष्ट इजा. दुसरी ओळ पायाची हाडं मोडलेल्या एका गवंड्याची. एक्केचाळीस दिवस मुक्काम, अकरा पानी केसपेपर, प्रत्येक राउंडची नोंद, सात कोड. माझ्या हिशोबाने मेलेला मोटरसायकलवाला किरकोळ जखमी ठरला होता, आणि कुबड्या घेऊन का होईना पण चालत घरी गेलेला गवंडी अतिगंभीर.

मी तक्ता घेऊन सरांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही ओळी वाचल्या आणि म्हणाले, "हिशोब बरोबर आहे. तू कागद मोजलेत."

त्या एका वाक्याभोवती माझी पुढची पंचवीस वर्षं गेली.

जखमेची शिडी

जखमा शास्त्रीय पद्धतीने मोजायची गरज ठळकपणे भासली ती विमानं आणि मोटारी आल्यावर. ह्यू डी हेवन हा अमेरिकन तरुण १९१७ साली वैमानिकाचं प्रशिक्षण घेत होता. हवेतल्या हवेत दोन विमानांची टक्कर झाली आणि तो कसाबसा वाचला. त्याच्या पोटातल्या जखमा पट्ट्याच्या बकलने झाल्या होत्या, हे पुढे त्याच्या लक्षात आलं. तेव्हापासून त्याला एकच ध्यास लागला: माणूस नशिबाने वाचतो की त्यालाही काही यंत्रशास्त्र आहे? १९४२ साली त्याने पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही वाचलेल्या माणसांचा अभ्यास छापला. त्याचं सार असं की, आघात पसरला आणि थांबायला चार बोटं जरी जागा मिळाली तरी शरीर बरंच सोसतं. आजच्या सीटबेल्टमागे आणि मऊ डॅशबोर्डमागे हाच विचार आहे.

पण एका गाडीतले लोक दुसरीतल्यांपेक्षा कमी जखमी झाले, असं म्हणायचं तर जखमांना पायऱ्या हव्यात. त्या १९७१ मध्ये मिळाल्या. वैद्यक आणि मोटार-अभियांत्रिकी या दोन्ही क्षेत्रांतल्या मंडळींनी मिळून अमेरिकेत एक मोजपट्टी तयार केली, अ‍ॅब्रिव्हिएटेड इंज्युरी स्केल, संक्षेपाने एआयएस. प्रत्येक जखमेला एक ते सहा गुण. एक म्हणजे खरचटणं. तीन म्हणजे मांडीचं हाड मोडण्यासारखं. पाच म्हणजे जीव टांगणीला. सहा म्हणजे आजच्या उपचारांनी वाचवणं जवळजवळ अशक्य. हे गुण ठरवले तज्ज्ञांनी एकत्र बसून, अनुभवाच्या आधारे. शिडीच्या पायऱ्यांमधलं अंतर मात्र सारखं नाही. एकवरून दोनवर जाणं आणि चारवरून पाचवर जाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपल्याकडे या शिडीच्या शंभरहून अधिक वर्षं आधी एक शिडी होती, आणि ती अजून वापरात आहे. तिला दोनच पायऱ्या: साधी दुखापत आणि जबर दुखापत. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ३२० व्या कलमात जबर दुखापतीचे आठ प्रकार दिले होते. डोळा जाणं, कान जाणं, अवयव निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं, आणि शेवटी, जिवावर बेतणारी किंवा वीस दिवस तीव्र वेदना देणारी किंवा तेवढे दिवस रोजचे व्यवहार बंद पाडणारी इजा. नव्या भारतीय न्याय संहितेत हेच ११६ वं कलम झालं आणि विसाचे पंधरा दिवस झाले. ही व्याख्या न्यायालयासाठी आहे आणि तिथे ती तर्कशुद्ध आहे, कारण तिथे शिक्षा किती द्यायची हा प्रश्न असतो. पण तिच्या हिशोबात मोडलेला दात आणि मोडलेली मांडी एकाच पायरीवर बसतात. एआयएसवर मोडलेल्या दाताला एक गुण आहे. देशातल्या रस्ते अपघातांच्या सरकारी अहवालात 'गंभीर जखमी' असा रकाना दिसला की ही गोष्ट आठवावी.

पंधरा हा आकडा नसतोच

एआयएसने एकेका जखमेचं वजन सांगितलं. पण अपघातात माणसाला एकच जखम क्वचित होते. प्लीहा फाटलेली, मांडी मोडलेली आणि वर चेहरा खरचटलेला, अशांची बेरीज कशी करायची?

याचं उत्तर १९७४ मध्ये सुसान बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. बेकर डॉक्टर नव्हत्या, सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक होत्या. बाल्टिमोरमधल्या आठ रुग्णालयांतल्या २,१२८ वाहन-अपघातग्रस्तांचे कागद त्यांनी तपासले. एआयएसचा गुण वाढतो तसं मृत्यूचं प्रमाण सरळ रेषेत चढत नाही, झपाट्याने वर जातं, असं त्यांना दिसलं. म्हणून त्यांनी गुणांचे वर्ग केले. शरीराचे सहा भाग पाडले: डोकं-मान, चेहरा, छाती, पोट, हातपाय आणि कंबरेची हाडं, आणि त्वचा. सर्वाधिक जखमी तीन भाग घ्यायचे, प्रत्येक भागातली सगळ्यात वाईट जखम घ्यायची, तिच्या गुणांचा वर्ग करायचा आणि तिन्ही वर्गांची बेरीज. आपल्या माणसाची प्लीहा चार, मांडी तीन, आणि चेहऱ्याचं खरचटणं, जे त्वचेत मोडतं, एक. सोळा अधिक नऊ अधिक एक, म्हणजे सव्वीस. कमाल बेरीज पंचाहत्तर. कुठेही सहा गुणांची जखम असली तर काही न मोजता थेट पंचाहत्तर.

याला आयएसएस, म्हणजे इंज्युरी सिव्हिरिटी स्कोअर म्हणतात, आणि पन्नास वर्षं झाली तरी जगभर तो चालतो. पंधराच्या वर गेला की मोठा आघात, असा संकेत आहे. यातली गंमत सरांना फार आवडायची. पंधरा हा आकडा या पद्धतीत येऊच शकत नाही. तीन पूर्ण वर्गांची बेरीज करून पंधरा होत नाहीत, सातही होत नाहीत, तेवीसही नाहीत. एक ते पंचाहत्तरमधले फक्त चव्वेचाळीस आकडे प्रत्यक्षात संभवतात. म्हणजे जगभरच्या ट्रॉमा सेंटरांची लक्ष्मणरेषा अशा जागी आखलेली आहे जिथे आजवर एकही रुग्ण उभा राहिलेला नाही.

गमतीच्या पलीकडे एक अडचण आहे. एकच पाच गुणांची जखम असली तरी बेरीज पंचवीस, आणि चार व तीन अशा दोन असल्या तरी पंचवीस. पण या दोन माणसांचं नशीब सारखं नसतं. शिवाय डोक्यातच दोन भयंकर जखमा असतील, एक चारची, एक तीनची, तर आयएसएस त्यातली एकच मोजतो आणि सोळावर थांबतो. १९९७ मध्ये टर्नर ऑस्लर आणि खुद्द बेकर यांनी दुरुस्ती सुचवली: भागांची अट काढा, सगळ्यात वाईट तीन जखमा घ्या, मग त्या एकाच जागी का असेनात. तेच डोकं आता पंचवीसवर जातं. आपणच केलेलं माप तेवीस वर्षांनी आपणच दुरुस्त करायला मन मोठं लागतं.

पोती मोजणारी वही

खरी अडचण खर्चाची होती. एआयएसचे गुण द्यायला प्रशिक्षित माणूस लागतो, त्याने पूर्ण केसपेपर वाचावा लागतो. हजार रुग्णांसाठी हे जमतं, दहा लाखांसाठी नाही. पण प्रत्येक मोठ्या रुग्णालयात एक माहिती आयती पडून असते. रुग्ण घरी गेला की रेकॉर्ड विभागात त्याच्या निदानाला आयसीडीचा कोड दिला जातो. मग हे कोड वापरूनच तीव्रता काढता आली तर?

इथे आयसीडीचा वंश पाहावा लागतो. १६६२ मध्ये लंडनच्या जॉन ग्राँटने मृत्यूच्या साप्ताहिक याद्यांवरून कोण कशाने मरतं याचे तक्ते केले. एकोणिसाव्या शतकात विल्यम फार यांनी रोगांच्या एकसारख्या नावांसाठी आयुष्य वेचलं. १८९३ मध्ये पॅरिसच्या जाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती काढली, तेव्हा मृत्यूबरोबर आजारही त्यात आले. हे सगळं घराणं मोजदाद करणाऱ्यांचं आहे. किती पोती आली, कुठली आली, हे या वहीत चोख लिहिलेलं असतं. पोत्यात वजन किती, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

दहाव्या आवृत्तीत इजा 'एस' आणि 'टी' या अक्षरांखाली येतात. एस०६.० म्हणजे डोक्याला हादरा, एस०६.५ म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव, एस७२.० म्हणजे खुब्याजवळ मांडीचं हाड मोडणं, एस३६.० म्हणजे प्लीहेची इजा. आता हा शेवटचा कोड पाहा. प्लीहेला नखाएवढी चीर असो की तिचे तुकडे झालेले असोत, कोड तोच. अमेरिकेने २०१५ पासून वापरात आणलेल्या विस्तारित आवृत्तीत प्लीहेची चीर वरवरची, मध्यम की मोठी, यांना वेगळे कोड आहेत. आपल्याकडच्या रुग्णालयांत मूळ आवृत्ती चालते आणि तिथे सगळ्या प्लीहा एका पोत्यात.

काय लागलं याबरोबर कशाने लागलं याचेही कोड आहेत, आणि ते वाचताना जग डोळ्यांपुढून जातं. डब्ल्यू१४ म्हणजे झाडावरून पडणं. कोकणातल्या कुठल्याही रुग्णालयाने हा कोड पाठ करावा. एक्स२० म्हणजे विषारी साप. रस्त्यावरच्या अपघातात कोण कशावर बसलं होतं आणि कशाला धडकलं, यांच्या डझनावारी जुळण्या आहेत. पण कागदावर नुसतं 'आरटीए' असेल तर कोड पडतो व्ही८९.२, वाहन-अपघात, तपशील नाही. दुचाकी, ट्रक, पादचारी सगळे त्यात विरघळतात.

दुभाषा आणि चोपडी

या वहीतून वजन काढायचे दोन मार्ग निघाले.

पहिला दुभाष्याचा. १९८९ मध्ये एलेन मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी नवव्या आवृत्तीतल्या कोडचं एआयएसच्या गुणांत भाषांतर करणारा तक्ता प्रसिद्ध केला. कोड टाका, गुण घ्या, वर्ग करा, बेरीज करा. सोय मोठी. पण मूळ वाक्यच मोघम असेल तर दुभाषा काय करणार? प्लीहेच्या त्या एका कोडला तो एकच गुण देणार, बहुधा सावधपणे कमीच.

दुसरा मार्ग चोपडीचा. १९९६ मध्ये ऑस्लर यांनी विचारलं, तज्ज्ञांना विचारायचंच कशाला? उत्तर कॅरोलायनातल्या रुग्णालयांची लाखो डिस्चार्जची नोंद हाताशी होती. हा कोड असलेले किती दाखल झाले आणि त्यांतले किती जिवंत घरी गेले, एवढंच मोजा. हजारांतले साडेनऊशे जिवंत घरी गेले तर त्या कोडचं जगण्याचं प्रमाण ०.९५. माणसाला अनेक जखमा असतील तर सगळी प्रमाणं एकमेकांशी गुणा. समजा प्लीहेचं ०.९५, मांडीचं ०.९८, खरचटण्याचं ०.९९९, गुणाकार साधारण ०.९३. म्हणजे अशा शंभरांतले त्र्याण्णव वाचावेत. या मापाला आयसीआयएसएस, म्हणजे आयसीडीवर आधारलेला आयएसएस, म्हणतात. यात मतांना जागा नाही, चोपडी काय म्हणते तेच खरं. आयएसएसपेक्षा मृत्यूचा अंदाजही त्याने बरा बांधला.

पण चोपडीलाही खोडी आहेत. गुणाकारात गृहीत असं की प्रत्येक जखम आपापल्या परीने मारते, एकमेकींशी संगनमत करत नाही. शरीर असं वागत नाही. दुसरं, कोड जितके जास्त तितका गुणाकार खाली. जे रुग्णालय मन लावून सगळं लिहितं त्याचे रुग्ण आपोआप जास्त गंभीर दिसतात, आणि माझा गवंडी तिथेच फसला होता. २००३ मध्ये काही संशोधकांनी दाखवलं की गुणाकार करण्याऐवजी सगळ्यात वाईट एकच जखम घेतली तरी अंदाज कमी पडत नाही, उलट सुधारतो. तिसरी खोड अशी की, खुब्याचं हाड मोडणाऱ्यांत म्हातारी माणसं जास्त. ती मरतात तेव्हा हाडापेक्षा वय आणि जुने आजार मारतात, पण चोपडीत दोष लागतो हाडाला.

आणि चौथी खोड सगळ्यात खोल. जगण्याचं प्रमाण हा जखमेचा गुण नसतो. जखम, रुग्णालय, रस्ता आणि काळ या सगळ्यांची मिळून ती एक गोष्ट असते. एखाद्या राज्यात प्लीहा फाटलेले निम्मे मरत असतील आणि त्यांच्याच चोपडीवरून आपण प्रमाण काढलं, तर तिथल्या रुग्णालयात निम्मे मेले तरी हिशोब म्हणेल, अपेक्षेप्रमाणे. आपल्याच काठीने आपली उंची मोजली की कुणीच बुटका नसतो. मग काठी बाहेरून आणायची, तर ती परक्या रस्त्यांची. २०१४ मध्ये न्यूझीलंड, स्वीडन, ऑस्ट्रेलिया यांच्यासह सात देशांच्या नोंदी एकत्र करून दहाव्या आवृत्तीची प्रमाणं काढली गेली. त्या सातांत भारत नाही.

मग हे सगळं टाकाऊ का? मुळीच नाही. न्यूझीलंडने याचा शहाणा वापर करून दाखवला. दरवर्षी किती लोक जखमी होऊन दाखल होतात हा आकडा फसवा असतो, कारण खाटा कमी झाल्या किंवा दाखल करायचं धोरण बदललं की तो बदलतो. रस्ते तेच, आकडा खाली, आणि मंत्री खूश. म्हणून तिथल्या अभ्यासकांनी ठरवलं की ज्यांचं माप ०.९४१ किंवा त्याहून कमी, म्हणजे मृत्यूची शक्यता साधारण सहा टक्के किंवा जास्त, तेवढेच मोजायचे. एवढं लागलेला माणूस कुठल्याही धोरणात दाखल होणारच. तिथे मापाने एकेका माणसाचं भविष्य सांगितलं नाही. देशाच्या आकड्यातला गाळ तेवढा काढला.

चान्स किती आहे?

आयसीयूच्या बाहेर नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, चान्स किती आहे?" या प्रश्नाला हे माप वापरू नये, आणि वापरताही येत नाही. कारण कोड पडतात रुग्ण घरी गेल्यावर किंवा दगावल्यावर. निकाल लागल्यावर काढलेलं हे भाकीत असतं. त्या क्षणी डॉक्टरांच्या हातात असतात नाडी, रक्तदाब, श्वास आणि शुद्ध मोजणारं ग्लासगो कोमा स्केल. हे स्केलही १९७४ चंच, आयएसएसचं जुळं भावंड म्हणा ना. आणि नेमक्या याच गोष्टी निदानाच्या कोडमध्ये नसतात. कोडला मोडलेलं हाड दिसतं, घसरलेला रक्तदाब दिसत नाही.

आपल्यासारख्या देशात हे फार महाग पडतं. जखमेचं नेमकं नाव कळायला सीटी स्कॅन लागतो, ऑपरेशन लागतं, किंवा शेवटी शवविच्छेदन. ज्याला यातलं काहीच मिळालं नाही त्याच्या जखमेला नाव नाही. नाव नाही म्हणून कोड मोघम, कोड मोघम म्हणून तीव्रता कमी. म्हणजे आपण ज्याच्याकडे सगळ्यात कमी पाहू शकलो तोच तक्त्यात सगळ्यात धडधाकट. युगांडातल्या डॉक्टरांनी ही अडचण ओळखून कंपाला ट्रॉमा स्कोअर केला. वय, रक्तदाब, श्वासाची गती, शुद्ध, आणि गंभीर जखमा किती. सीटी नसलेल्या कॅज्युअल्टीत एका सिस्टरला पाच मिनिटांत भरता येईल असा.

आपल्याकडेही असा एक प्रयत्न झाला. २०१३ ते २०१५ या काळात मुंबईची केईएम आणि सायन रुग्णालयं, दिल्लीचं एम्सचं ट्रॉमा सेंटर आणि कोलकात्याचं एसएसकेएम अशा चार ठिकाणी 'टिटको' या प्रकल्पात सुमारे सोळा हजार जखमींच्या नोंदी झाल्या. त्यासाठी वेगळी माणसं नेमली, ती पाळ्या लावून कॅज्युअल्टीत उभी राहिली, रुग्ण आला तेव्हाची नाडी आणि रक्तदाब टिपला, जखमा एकेक करून लिहिल्या. एवढं केल्यावर मग आयएसएस काढता येतो. माणसं नेमली तर कागद बोलका होतो, याचा हा पुरावा.

एरवी काय असतं? २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात नोंदले गेले, १,६८,४९१ माणसं गेली, ४,४३,३६६ जखमी झाली. हे आकडे पोलिसांचे. मेलेला माणूस त्यांच्या वहीत येतोच. जखमी तेव्हाच येतो जेव्हा तक्रार होते. अडीच जखमींमागे जवळजवळ एक मृत्यू, हे गुणोत्तर पाहून रस्ते फार जीवघेणे आहेत असं वाटतं. ते आहेतही. पण किती जखमी वहीबाहेर राहिले, याचीही ती खूण आहे. रुग्णालयाची एमएलसीची, म्हणजे पोलीस-प्रकरणांची, वही वेगळी, विम्याच्या पॅकेजचा कोड वेगळा, आणि तो तर उपचाराचा, निदानाचा नव्हे. २०२१ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत 'आयरॅड' ही एकत्रित नोंद सुरू झाली. पोलीस, परिवहन, रस्ते आणि रुग्णालय यांनी एकाच जागी लिहावं अशी कल्पना. अकराव्या आवृत्तीच्या आयसीडीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, मूळ कोडला तपशिलाचे जोडकोड लावायची सोय आहे. साधनं येत आहेत. पण लिहिणारा तोच आहे, रात्री दोन वाजता सहावा रुग्ण बघणारा इंटर्न.

पाठकोरी बाजू

आता त्या मोटरसायकलवाल्याकडे परत येते. कागद मोजलेत म्हटल्यावर सर तिथेच थांबले नाहीत. म्हणाले, मूळ पेपर आण. आणला. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि उलटा केला.

मागे कॅज्युअल्टीच्या सिस्टरची नोंद होती, मराठीत, वेळा घालून. दोन वाजून दहा: उलटी दोनदा. अडीच: उजवी बाहुली मोठी, हाक मारली तर उत्तर नाही. तीन: श्वास अडकत आहे, डॉक्टरांना कळवले. तीन पंचवीस: डॉक्टरांना पुन्हा कळवले. त्या चार ओळींत त्या मुलाच्या डोक्यात काय चाललं होतं ते सगळं होतं. त्याला किती लागलं, हे कुणालाच माहीत नव्हतं असं नाही. माहीत असलेल्या बाईची ओळ कोड देणारा वाचत नाही, एवढंच.

मी उत्साहाने म्हटलं, मग कोड बदलते, एस०६ करते. सर म्हणाले, नाही. निदान डॉक्टरने लिहायचं असतं. सिस्टरच्या नोंदीवरून आपण निदान तयार करायचं नाही. आज आपल्या मनाने एकाचं केलं, तर उद्या दुसरा कुणी त्याच्या सोयीने शंभरांचं करेल. कोड एस०९.९ च राहील. पण मग हा माणूस किरकोळ जखमी म्हणून छापून जाणार का, असं मी विचारलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. माझ्या तक्त्याच्या उजव्या कडेला त्यांनी पट्टी ठेवून एक उभी रेघ मारली आणि तो रकाना कोरा ठेवून कागद माझ्याकडे सरकवला.

तो रकाना मी अजून आखते. त्यात दोनच गोष्टी लिहिते: या माणसाच्या कोडपैकी किती 'अनिर्दिष्ट' आहेत, आणि तो आल्यापासून किती तासांत गेला. निष्कर्ष मांडताना आधी त्या रकान्याची बेरीज सांगते, मग तीव्रतेची. विद्यार्थी विचारतात, बाई, हे माप कोणत्या पुस्तकात आहे? मी सांगते, पुस्तकात नाही. ते आयएसएससारखं माप नाहीच. आपल्या मापाला किती माणसं दिसली नाहीत, त्याचा तो हिशोब आहे. जिथे ही बेरीज मोठी, तिथे तीव्रतेच्या आकड्यावर मी रुग्णालयांची तुलना करत नाही. तिथे जाते आणि विचारते, रात्रपाळीला सिस्टर किती आहेत, आणि त्यांच्या नोंदी कोण वाचतं.

परवा अशाच एका ठिकाणी गेले होते. तिथल्या इंटर्नने, बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने, केसपेपर भरला, सही केली, आणि पुढच्या रुग्णाकडे जाण्याआधी तो उलटा करून मागचं वाचलं. मग पुन्हा सुलटा करून निदानाच्या रकान्यात दोन शब्द वाढवले. तिला कुणी सांगितलं होतं, ते मी विचारलं नाही.